‘खाल्लं’ आणि ‘खाल्लेलं’

गेल्या आठवड्यात आमच्या सात वर्षांच्या लेकीने गृहपाठाच्या वहीत लिहिलं, ‘आय हॅव एट’. मी खोडून ‘ईटन’ केलं, वर जरा ओरडलेही. ती म्हणाली, “पण का?” डॉक्टरेट असूनही मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याही घरी हा प्रश्न आला असेल, म्हणून थोडं मागे जाऊन पाहू.

नियम आपण शाळेत पाठ केलेला आहे: ‘हॅव’ किंवा ‘हॅज’नंतर क्रियापदाचं तिसरं रूप. ईट-एट-ईटन, राईट-रोट-रिटन. मग चूक येते कुठून? चक्क मराठीतून. ‘मी खाल्लं’ आणि ‘मी खाल्लं आहे’ यांत रूप एकच, फक्त ‘आहे’ जोडायचं. लेकीने तेच केलं.

मराठीत असं का? संस्कृतात भूतकाळाला वेगळं रूप होतं: ‘अकरोत्’. ‘कृत’ हे विशेषण, म्हणजे ‘केलेलं’. प्राकृताच्या वाटेवर ‘अकरोत्’सारखी रूपं गळाली आणि ‘कृत’च्या वंशातल्या ‘केलं’ने भूतकाळही सांभाळला. म्हणून आजही आपण ‘भात केला’, ‘पोळी केली’ म्हणतो. क्रियापद कर्मामागे जातं, अगदी विशेषणासारखं.

जुन्या इंग्रजीची सुरुवातही अशीच होती. ‘माझ्यापाशी मासा आहे, पकडलेला’ अशा धर्तीच्या वाक्यातून ‘हॅव’चा हा काळ घडला. पण इंग्रजीने भूतकाळाचं जुनं रूप टाकलं नाही. म्हणून ‘रोट’ म्हणजे लिहिलं आणि ‘रिटन’ म्हणजे लिहिलेलं, अशी दोन रूपं उरली. अशी क्रियापदं एके काळी तीनशेहून जास्त होती. पुढे बरीच नियमित झाली. 1611च्या बायबलमध्ये ‘हेल्प’चं तिसरं रूप ‘होल्पन’ सापडतं, आज आपण ‘हेल्प्ड’ म्हणतो.

सिंगापुरात आणखी एक वाट आहे. लेक शाळेतून येऊन सांगते, “आय ईट ऑलरेडी.” चिनी क्रियापद रूप बदलत नाही. काम पुरं झालं हे ‘ले’ हा छोटा शब्द सांगतो आणि इथल्या इंग्रजीत ते काम ‘ऑलरेडी’ करतो. 2000 साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी चांगल्या इंग्रजीची मोहीम सुरू केली, तरी हॉकर सेंटरमध्ये ‘ऑलरेडी’ आहे तिथेच आहे. परीक्षेत ते चालणार नाही, हे मुलांना सांगायलाच हवं. पण त्यामागेही एका भाषेचा नियम आहे, अडाणीपणा नाही.

लेकीच्या वहीत मी ‘ईटन’पुढे कंसात ‘खाल्लेलं’ लिहिलं. तिने विचारलं, “म्हणजे ‘एट’ नुसतं खाल्लं?”

हो, नुसतं खाल्लं. एवढं सांगायला मला आठवडा लागला. त्या दिवशी ओरडायला मात्र क्षणही लागला नव्हता.