न्हाणीघरातील वाफ व ओल (कंधार परिसर)

स्नानासाठी तापविलेल्या पाण्यापासून उठणारे बाष्प बंदिस्त जागेत कोंडले म्हणजे भिंती, छत व लाकूडकाम यांची जी खराबी होते ती, आणि तिच्या निवारणाचे जुने-नवे उपाय, हा या नोंदीचा विषय होय. नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुका व त्यास लागून असलेला लातूरचा मुलूख हा बालाघाटच्या डोंगररांगांचा, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा आणि मोसमी पावसाच्या चार महिन्यांत दमट असा प्रदेश असल्यामुळे येथे ओलीचे स्वरूप ऋतुमानाप्रमाणे बदलते. जे धोतर वैशाखात घटकाभरात वाळते तेच श्रावणात दोन दोन दिवस दोरीवर कुबट वास देत लोंबते.

हवा जितकी उष्ण तितके अधिक बाष्प तिच्यात मावते. एका घनमीटर हवेत २०° से. तापमानाला सुमारे १७ ग्रॅम, ३०° से.ला सुमारे ३० ग्रॅम आणि ४०° से.ला सुमारे ५१ ग्रॅम बाष्प राहू शकते. ही हवा थंड भिंतीला भिडली की अधिकचे बाष्प दवबिंदूंच्या रूपाने तिच्यावर उतरते. म्हणूनच मार्गशीर्ष-पौषातील पहाटे पत्र्याच्या न्हाणीत अंघोळ करणाऱ्याच्या मानेवर वरून गार थेंब टपकतो. हा थेंब पावसाचा नसून त्याच्याच घंगाळातून वर गेलेला असतो. भिंतीच्या पृष्ठाशी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, रंगाचे पोपडे सुटतात, आणि भिंतीत मुरलेल्या पाण्याबरोबर क्षार बाहेर येऊन लोणा लागतो.

या भागातील जुने घर माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या वा काटक्या अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले असे. हे छत उन्हाला जितके भारी तितकेच ओलीपुढे दुबळे. खालून वाफ लागत राहिली तर तुळईचे टोक कुजते आणि वाळवीला आयती वाट मिळते. त्यामुळे न्हाणी मुख्य माळवदाखाली सहसा घेत नसत. ती परसात किंवा चौकाच्या कोपऱ्यात, आडोशापुरत्या भिंतींची, पुष्कळदा वरून उघडी असे; तळाला फरशीचा दगड, त्याला मोरीकडे उतार, आणि पाणी तापविण्याची चूल किंवा तांब्याचा बंब शेजारीच, मात्र भिंतीपलीकडे वा ओसरीत. घराच्या आतील भागाला उजेड व धुराला वाट देणारे माळवदातील भोक, ज्यास साणे म्हणतात, तेही उष्ण हवेबरोबर बाष्प वर खेचून घेई. ज्याने हे घर बांधले त्या गवंड्याला बाष्पदाबाची कोष्टके ठाऊक नव्हती. परंतु वाफ भिंतीत शिरण्यापूर्वीच तिला वाट करून द्यावी, एवढे त्याला पक्के ठाऊक होते, आणि हे ज्ञान पुढे सिमेंटच्या स्लॅबबरोबर बऱ्याच अंशी हरवले असे म्हणणे भाग आहे.

बाळंतिणीची न्हाणी हा या व्यवस्थेतील हेतुपुरस्सर अपवाद होता. तिला वारा लागू नये म्हणून दारे-झरोके बंद करून कढत पाणी, शेक व धुरी यांचा मारा होई, आणि खोली वाळावी म्हणून निखाऱ्याची शेगडी आत ठेवली जाई. ओल घालविण्याच्या दृष्टीने ती युक्ती उपयुक्त असली तरी बंद खोलीत निखाऱ्यापासून विषारी कार्बन मोनॉक्साइड साचते, म्हणून ती सर्वथा त्याज्य मानली पाहिजे.

वाफ कोंडूनच ठेवावयाची आणि तरीही इमारत शाबूत राखावयाची, हा बिकट प्रश्न दख्खनमध्ये हमामाने सोडविला. इराण व तुर्कस्तानाकडील ही रचना मुसलमानी राजवटींत इकडे रुजली. दौलताबादच्या किल्ल्यात हमामाची वास्तू आहे, आणि कंधारच्या दक्षिणेस बीदरच्या किल्ल्यात ज्या वास्तूत आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे ती मूळची शाही हमामाची होय. हमामात थंड, कोमट व उष्ण अशी दालने एकामागून एक असत, त्यामुळे वाफेचा लोट एकदम बाहेरच्या दालनात येत नसे. भिंती जाड, आतून घोटीव चुन्याच्या. वर घुमट, आणि घुमटात उजेडापुरती लहान छिद्रे. घुमटाचा खरा गुण पुढे दिसतो : सपाट छतावर जमलेला थेंब जागच्या जागी वाढून खाली गळतो, तर अंतर्गोल पृष्ठावरचा थेंब वक्राच्या आधाराने भिंतीकडे ओघळतो. 

चुन्याविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. घाणीत मळलेला, क्वचित गूळ, बेलफळाचा गर वा उडदाचे पीठ घालून चिवट केलेला चुना काही प्रमाणात ओल शोषून पुन्हा बाहेर सोडतो, आणि ताजा असताना तीव्र क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी वाढत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीपूर्वी दिली जाणारी चुन्याची सफेदी ही शोभेइतकीच आरोग्याची तजवीज होती. याउलट तैलरंग भिंतीचे तोंड बंद करतो. आत आधीच मुरलेली ओल मग त्याच्या पाठीमागे फुगे धरते.

नैसर्गिक ऊन पाण्याच्या स्थानी, जसे याच जिल्ह्यात किनवटकडे पैनगंगेच्या काठी त्वचारोग्यांची रीघ लागणारे उनकेश्वर, किंवा तानसा नदीकाठची अकलोली व गणेशपुरी, कुंड जेथे उघडे आहे तेथे वाफेचा प्रश्नच उरत नाही.

बंद खोलीत मात्र तो पुरता उभा राहतो, आणि अलीकडे शहरी बंगल्यांतून घरातच ऊन पाण्याचा टब बसविण्याची हौस दिसू लागली आहे. ४०° से. तापमानाच्या उघड्या पाण्यातून दर चौरस मीटरला ताशी सुमारे अर्धा ते एक लिटर पाणी उडून जाते. तीन मीटर लांब, तितकीच रुंद व उंच खोली २५° से.ला निम्मी दमट असेल तर ती पूर्ण भरण्यास अवघे ३०० ग्रॅम बाष्प पुरते. म्हणजे दोन चौरस मीटरच्या टबाने अर्धा तासही लागू नये. सर्वांत स्वस्त व प्रभावी उपाय म्हणजे वापर नसताना टबावर घट्ट झाकण. त्याने पाणी वाचते आणि वीजही, कारण उडून जाणारा प्रत्येक लिटर आपल्याबरोबर सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता नेतो. त्याखालोखाल बाहेर फेकणारा पंखा, ज्याची नळी थेट घराबाहेर काढलेली हवी. ती खोट्या छताच्या वर मोकळी सोडण्याची आपल्या कारागिरांची खोड ओल दृष्टीआड करण्यापलीकडे काही साधत नाही. पंखा हवा ओढतो तेव्हा दाराखाली फट ठेवून आत येणाऱ्या हवेचीही सोय करावी लागते.

कंधारसारख्या ठिकाणी पंख्याची उपयुक्तता मात्र ऋतूवर अवलंबून राहते. वैशाखात बाहेरची हवा ४०° से.ला १५ टक्के आर्द्र असेल तर तिच्यात घनमीटरला आठ ग्रॅमही बाष्प नसते आणि ती ओल झपाट्याने उचलते. श्रावणात २६° से. व ८५ टक्के आर्द्रतेची हवा वीस ग्रॅमच्या वर बाष्प घेऊनच आत येते, तेव्हा नुसत्या पंख्यावर न विसंबता ओल शोषणारे विजेचे यंत्र लावणे इष्ट. धोका ओळखण्याची साधी रीत अशी की माठातील गार पाण्याने भरलेला तांब्या खोलीत ठेवावा. त्याला बाहेरून घाम फुटला तर तेवढीच थंड असलेली उत्तरेकडची भिंतही ओली होत आहे असे समजावे, आणि टब झाकून पंखा आणखी अर्धा तास चालू ठेवावा.