जुनी बॅटरी, निळा ड्रम, जळकं ऑइल: घातक कचऱ्याच्या पुनर्वापराचा कायदा गावात कुठे तुटतो?

फवारणीच्या बॅटरी पंपातली बॅटरी दोन-तीन हंगामांत बसते. रानडुकरांसाठी बांधावर लावलेल्या झटका मशीनची बॅटरीही कधीतरी चार्ज धरायची बंद होते. घरातला इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, टेम्पो, पोराची मोटारसायकल असा हिशोब केला तर एका बऱ्यापैकी शेतकरी घरातून पाच-सहा वर्षांत चार-पाच तरी बॅटऱ्या बाद होतात. त्यातल्या बहुतेक भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात. काही गोठ्यामागे पडून राहतात. या बॅटरीला सरकारी कागदावर 'घातक कचरा' म्हणतात आणि ती कोणी घ्यायची, कोणी फोडायची, याचे नियम आहेत, हे तालुक्यात फारच थोड्यांना ठाऊक असतं.

हे नियम पुनर्वापर थांबवण्यासाठी नाहीत. उलट घातक कचऱ्यातला कामाचा माल परत वापरात यावा, असंच ते सांगतात. त्यांचा आग्रह एवढाच की ते काम परवानगी असलेल्या हातांनी, परवानगी असलेल्या जागी व्हावं.

शेतकऱ्याच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे झिंक सल्फेट. जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत 'झिंक अ‍ॅश' म्हणजे जस्ताची राख निघते. ती घातक कचऱ्याच्या यादीत आहे, पण त्याच राखेपासून परवानाधारक कारखाने झिंक सल्फेट खत तयार करतात. राखेतलं शिसं आणि कॅडमियम खतात येऊ नये म्हणून खत नियंत्रण आदेशाने मर्यादा घातली आहे. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये जस्त किमान २१ टक्के हवं, शिसं ०.००३ टक्क्यांच्या वर नको आणि कॅडमियम ०.००२५ टक्क्यांच्या वर नको. नियम पाळला तर कारखान्याची राख रानात खत होऊन येते. नाही पाळला तर शिसंही रानात येतं.

कायदा काय म्हणतो

भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम झाले. ते बदलत बदलत सध्या २०१६ चे 'घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम' लागू आहेत. बॅटऱ्यांसाठी आधी २००१ चे वेगळे नियम होते, त्यांच्या जागी ऑगस्ट २०२२ मध्ये 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम' आले.

२०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा तयार करणाऱ्याने, गोळा करणाऱ्याने, साठवणाऱ्याने आणि त्यावर प्रक्रिया करणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. त्याशिवाय कारखान्याला १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा यांखाली संमतीपत्र लागतं, ते वेगळंच. माल साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. एका कारखान्याचा कचरा दुसऱ्याला कच्चा माल म्हणून वापरायचा असेल तर नियम ९ प्रमाणे त्या वापराची स्वतंत्र परवानगी हवी, आणि केंद्रीय मंडळाने ठरवून दिलेल्या पद्धतीनेच तो वापरायचा.

माल रस्त्याने निघाला की सोबत नमुना १० चा कागद हवा. त्याच्या सात रंगांच्या सात प्रती असतात. पिवळी पाठवणाऱ्याकडे राहते, नारिंगी गाडीवाल्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे. निळी घेणाऱ्याची सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत येते. बाकीच्या मंडळाकडे जातात. किती माल निघाला आणि किती पोचला, हे कोणालाही पडताळता यावं यासाठी ही सगळी सोय.

साखळी चांगली आहे, पण ती कारखान्याच्या गेटपासून सुरू होते. गावातल्या गोठ्यातून भंगाराच्या गाडीवर चढणाऱ्या बॅटरीसोबत कागदाचा कपटाही नसतो. नियमांच्या अनुसूची ७ मध्ये कोणत्या यंत्रणेने काय करायचं याची यादी दिली आहे. केंद्रीय मंत्रालय, केंद्रीय मंडळ, राज्य सरकार, राज्य मंडळ, परकीय व्यापार खातं, बंदरं आणि कस्टम अशी नावं त्यात आहेत. ग्रामपंचायत त्यात नाही. भट्टी मात्र ग्रामपंचायतीच्या हद्दीतच पेटते.

बॅटरी: निम्म्याहून जास्त शिसं

ट्रॅक्टरची बॅटरी वीस-तीस किलो भरते. त्यात वजनाने निम्म्याहून जास्त शिसं आणि शिशाची संयुगं असतात, उरलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि प्लास्टिकची पेटी. शिसं पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं, म्हणून मेलेल्या बॅटरीलाही भाव मिळतो.

परवान्याच्या कारखान्यात बॅटरी यंत्राने फुटते, अ‍ॅसिड वेगळं काढून निष्प्रभ करतात, भट्टीच्या धुराला फिल्टर असतो. गावठी भट्टीवर कुऱ्हाडीने पेटी फोडतात, अ‍ॅसिड तिथेच जमिनीत ओततात आणि प्लेटा कोळशावर वितळवतात. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, त्यामुळे हे काम ओढ्याकाठी, पत्र्याच्या आडोशाला, रात्रीतून उरकता येतं. प्लेटांवरची पेस्ट मात्र एवढ्या उष्णतेत पुरती सुटत नाही. ती मळीत राहते आणि मळी ओढ्यात जाते. म्हणजे अशा भट्टीत शिसं वायाही जातं आणि विषही पसरतं.

तरी भट्टीवाला भंगारवाल्याला कारखान्यापेक्षा जास्त भाव देऊ शकतो. त्याला फिल्टरचा खर्च नाही, अ‍ॅसिडचा नाही, जीएसटी नाही, कामगारांच्या रक्ततपासणीचा तर प्रश्नच नाही. बॅटरीमागे शे-दोनशे रुपये जास्त मिळतात ते इथून येतात.

शिसं नासत नाही, कुजत नाही. मातीच्या वरच्या थरात ते वर्षानुवर्षं राहतं. मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात आणि त्यांचं शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषून घेतं. रक्त कमी होणं, पोटात कळा, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं अशी लक्षणं दिसतात, ती दुसऱ्या दहा आजारांचीही असतात, त्यामुळे शिशाकडे कोणाचं लक्ष जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातलं शिसं कितीही कमी असलं तरी ते सुरक्षित म्हणता येत नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर असल्याचा अंदाज आहे. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली आहेत. बिनपरवाना बॅटरी फोडणं हे त्यामागचं एक मोठं कारण म्हणून त्या अहवालात दिलं आहे.

हे कुठवर जाऊ शकतं ते आफ्रिकेतल्या सेनेगल देशात दिसलं. राजधानी डकारजवळच्या थियारोये सुर मेर या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडत. शिशाचा भाव वाढला तशी बायका-मुलं तिथली माती चाळून शिशाचे कण वेचू लागली, मातीची पोती घरात आली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ मुलं दगावली. नंतर तज्ज्ञांनी ८१ जणांची तपासणी केली. सगळ्यांच्या अंगात शिशाची विषबाधा निघाली.

जनावरांचंही तसंच आहे. गुरं नवीन वस्तू चाटून बघतात. फुटलेली बॅटरी, भट्टीची राख, त्या राखेचा थर बसलेलं गवत त्यांच्या पोटात गेलं की दिसेनासं होणं, भिंतीला डोकं दाबून उभं राहणं, दात खाणं, तोल जाणं आणि मग मरण, असा क्रम असतो. पुष्कळदा हे सर्पदंशावर किंवा 'काहीतरी खाल्लं'वर ढकललं जातं. गोठ्याजवळ बॅटरी पडलेली असेल तर पशुवैद्यकाला ते आधी सांगितलेलं बरं.

२०२२ च्या नियमांनी बॅटरी तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपनीवर 'ईपीआर' म्हणजे विकलेला माल वापरून झाल्यावर परत गोळा करून पुनर्वापराला पोचवण्याची जबाबदारी टाकली आहे. बॅटरी कचरा जमिनीत पुरायला आणि जाळायला बंदी आहे. ग्राहकाचंही एक काम आहे: बाद बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत यंत्रणेला द्यायची. व्यवहारात सोपा मार्ग म्हणजे नवी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करणं आणि बिलावर जुन्याची वजावट लिहून घेणं. पंपाच्या छोट्या बॅटरीलाही हे लागू आहे, ती बांधावर फेकायची वस्तू नाही.

निळा ड्रम

एमआयडीसीच्या आसपास रस्त्याकडेला दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमांची रास असते. पाणी साठवायला, जीवामृत करायला, धान्य भरायला, लग्नात स्वयंपाकाचं पाणी ठेवायला हे ड्रम जातात. निळा म्हणजे चांगला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. फळांचा गर निळ्या ड्रममधून येतो आणि कारखान्याचं रसायनही निळ्याच ड्रममधून येतं.

घातक रसायनाचा रिकामा ड्रम २०१६ च्या नियमांच्या अनुसूची १ मध्ये ३३.१ क्रमांकावर घातक कचरा म्हणूनच नोंदलेला आहे. कारखान्याने तो अधिकृत धुलाई केंद्राकडे द्यायचा असतो. तिथे ड्रम धुतात आणि धुतलेलं पाणी प्रक्रियेशिवाय बाहेर सोडता येत नाही. हा खर्च वाचवायला ड्रम सरळ भंगारात निघतो आणि मग कोणाच्या तरी विहिरीवर किंवा ओढ्यात धुतला जातो.

प्लास्टिक काही रसायनं आत शोषून घेतं. राखेने घासा, सोड्याने धुवा, उन्हात महिनाभर ठेवा, उन्हाळ्यात वास पुन्हा येतोच. लेबल खरवडून काढलेला, आतून डाग पडलेला, कवटीचं किंवा चौकोनी धोकाचिन्ह असलेला, 'यूएन' आणि चार आकडे लिहिलेला ड्रम पिण्याच्या पाण्याला किंवा धान्याला घेऊ नये. आत काय होतं हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर तो ड्रम स्वस्त नाही. कीटकनाशकाच्या डब्यांचा नियम याहून जुना आहे: १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला नियम ४४ रिकामं वेष्टन पुन्हा वापरात येऊ नये म्हणून फोडून, वस्तीपासून दूर पुरायला सांगतो. त्याच डब्याचा मग करून हौदातून पाणी काढणारे आजही दिसतात.

जळकं ऑइल

सेंट्रिंगच्या प्लेटांना, औताच्या लाकडाला, वाळवीला आणि कधी बैलाच्या खरजेलाही जळकं ऑइल लावायची जुनी रीत आहे. इंजिनात फिरून आलेल्या या तेलात धातूंचा कीस असतो आणि कॅन्सरला कारण ठरणारी संयुगं असतात. जनावर ते चाटतं. कायद्याने हे 'वापरलेलं तेल' आहे आणि ते परवानाधारक शुद्धीकरण कारखान्यात जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तेल कंपन्यांवरही बॅटरीसारखीच ईपीआरची जबाबदारी आली आहे. गॅरेजवाल्याकडून गोळा होणारं तेल कुठे जातं हे विचारणारा तालुक्यात कोणी नाही, ही यातली मोठी फट. वीटभट्टीला जळण म्हणून गेलं तरी ते कोणाला दिसत नाही.

दंड आणि तक्रार

पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायदा, २०२३ मुळे १ एप्रिल २०२४ पासून त्याऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला. कैद गेल्याने धाक कमी झाला म्हणावं, तर कैदेच्या काळातही भट्ट्या पेटतच होत्या. दंड निदान वसूल झाला तर उपयोग. प्रदूषणाने झालेलं नुकसान भरून देण्याची जबाबदारी नियम २३ प्रमाणे वेगळी आहे.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी करता येते, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. संबंधित जागेला अधिकारपत्र आणि संमतीपत्र आहे का, हे माहिती अधिकारात विचारता येतं. ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्ज एकट्याचा राहत नाही, आणि गावात वैर घ्यायची वेळ एकाच माणसावर येत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

अर्जात 'धूर होतो' एवढंच लिहिल्याने काम होत नाही. गट नंबर, भट्टी कोणत्या वेळी पेटते, मळी कुठे टाकतात, जवळची विहीर, शाळा किंवा अंगणवाडी किती अंतरावर आहे, जनावर दगावलं असेल तर तारीख आणि दाखला, सोबत फोटो. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. भट्टीवाल्याने अधिकाऱ्याच्या भेटीआधी जागा झाडून घेतली तरी मातीतलं शिसं झाडून जात नाही, म्हणून पाहणीत मातीचा नमुना घ्यावा अशी मागणी त्याच अर्जात लिहून ठेवावी.