मीटर की ठरावीक दर? टेलिफोनच्या बिलामागचा जुना वाद

१/ नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती मार्गावर वसलेली वाडी ही गोदामांची आणि मालवाहतुकीची वस्ती. अशा ठिकाणी टेलिफोन ही चैन नव्हे, ते धंद्याचे अवजार. ट्रक कुठवर पोहोचला हे विचारायला किती पैसे पडतात, या साध्या प्रश्नामागे सुमारे १४० वर्षांचा वाद आहे : वापराप्रमाणे पैसे घ्यावेत, की सर्वांकडून एकच ठरावीक रक्कम? #थ्रेड

२/ २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळी जगात बहुतेक ठिकाणी ठरावीक वर्गणीचीच पद्धत होती. ऑपरेटर हाताने तारा जोडत असे. प्रत्येक कॉल मोजणे हेच मुळी कटकटीचे काम होते.

३/ मात्र एक्स्चेंज वाढले की खर्च वेगाने वाढे. शंभर ग्राहकांचे हजार झाले, तर प्रत्येकाला बोलण्यासाठी माणसे दहापट मिळत आणि प्रत्येकाचे कॉलही वाढत. म्हणून कंपन्या मीटरकडे वळल्या. १८८६ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात हा बदल येताच ग्राहकांनी टेलिफोनवर बहिष्कार घातला. तो सुमारे दीड वर्ष टिकला आणि अखेर कंपनीनेच माघार घेतली.

४/ स्वतंत्र भारतात प्रश्न निराळा होता. येथे टेलिफोनच दुर्मीळ. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा. तुटपुंज्या तारा सर्वांना पुराव्यात म्हणून मीटर हे शिधावाटपाचेच साधन ठरले. एसटीडीचे मीटर अंतराप्रमाणे पळे. रात्री उशिरा दर चौथाईवर येत, आणि पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथपुढे तेव्हाच रांग लागे.

५/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. खाते तासांच्या मापाने मिळे. २५० तासांचे खाते त्या पिढीच्या चांगले स्मरणात आहे. शिवाय डायल-अप जोडणीसाठी टेलिफोनचे युनिट वेगळे पडत. म्हणजे एकाच वेळी दोन मीटर चालू. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत एओएलने महिना १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद वापर दिला, तेव्हा इतकी झुंबड उडाली की ग्राहकांना लाइनच मिळेना. ठरावीक दराची दुसरी बाजू ती हीच.

६/ २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले. त्याच्या लोकप्रिय योजनांत दिवसा डेटाला मर्यादा, पण मध्यरात्री २ ते सकाळी ८ अमर्याद वापर. गजर लावून डाउनलोड सुरू करणारी एक पिढीच त्यातून घडली. यात चौथाई दराचाच जुना न्याय होता : रिकाम्या तारेवरून एखादी फाइल अधिक गेली, तरी कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही.

७/ मोबाइलवर मीटरची सत्ता अधिक कडक होती. १९९५ मध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. पैसा वाचवण्यासाठी लोकांनी ‘मिस्ड कॉल’ची स्वतंत्र भाषाच घडवली : एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला. अल्प वापर करणाऱ्या गरीब ग्राहकाला मीटर इतके अनुकूल क्वचितच झाले असेल.

८/ ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरले आणि बाजी उलटली. कॉलला वेगळे मोल उरले नाही. रोजचा डेटा आणि २८ दिवसांची मुदत हे नवे माप झाले. तासन्‌तास व्हिडिओ पाहणाऱ्याला यात मोठा लाभ झाला.

९/ तोटा कोणाचा? २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवण्यासाठीही किमान रिचार्ज सक्तीचा केला. महिन्यातून चार कॉल घेणारी, डेटा न वापरणारी आजी आता नातवाच्या व्हिडिओंच्या खर्चात वाटा उचलू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, ते याच तक्रारीवर उपाय म्हणून.

१०/ रॉचेस्टरच्या ग्राहकांना मीटर नको होते. भारतातील अल्प वापर करणाऱ्याला तेच हवे आहे. यात विसंगती नाही. ठरावीक दर मनाला निर्धास्त करतो आणि भरपूर वापरणाऱ्याला पोसतो; मीटर हात आखडता घ्यायला लावते, पण थोडे वापरणाऱ्याला दारात उभे राहू देते. म्हणून कोणतीही योजना ‘स्वस्त’ म्हणून पुढे आली, की ती कोणासाठी स्वस्त आहे हे आधी विचारावे.