येशू देव होता काय?

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी तुमसर मागे टाकते, वैनगंगेच्या पुलावरून खडखडत पलीकडे जाते आणि तिरोड्यावरून गोंदियाला येते. दिवाळीच्या सुमारास रुळांच्या दोन्ही अंगांना धान पिवळे पडलेले असते. पुढे आमगाव, सालेकसा करीत ती राजनांदगावची वाट धरते. याच वाटेवर १८९३ च्या सुमारास एका डब्यात दोन अनोळखी प्रवासी समोरासमोर बसले होते. एक होता गोरा साहेब. दुसरे होते करजगावचे कवी नारायण वामन टिळक. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते; त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडले.

बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली. उतरण्यापूर्वी साहेबाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि भाकीत केले की, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. पण दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनी पुस्तक उघडले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता वाचक विचारतील, एक मोठा गुरू आवडणे वेगळे आणि त्याला देव म्हणणे वेगळे. मधले अंतर कसे तोडायचे? प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न आपल्या एका विदुषीने टिळकांच्या दहा वर्षे आधी थेट इंग्लंडात जाऊन विचारला होता.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, वैधव्य आलेले, कडेवर लहानगी मनोरमा, आणि आसरा मठातील भगिनींचा. अशा स्थितीत माणूस यजमानांच्या होला हो म्हणतो. रमाबाई तशा नव्हत्या. १८८५ सालच्या पत्रांत त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी उघड वाद मांडला. देव एकच आहे, येशूने दाखवलेली वाट मला मान्य आहे. पण तोच देव, हे त्रैक्याचे मत शास्त्रातून मला पटत नाही, असा त्यांचा रोख होता. मनोरमेला काय शिकवावे यावरूनही खटके उडाले. इकडच्या पुरोहितांचे जू मानेवरून उतरवले ते दुसऱ्यांचे चढवून घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी स्पष्ट बजावले. भगिनींना हा हट्ट वाटला. बीलबाईंनी मात्र धीराने उत्तरे दिली.

हा वाद रमाबाईंनी उकरून काढलेला नव्हता. शास्त्रातच दोन्ही बाजूंना आधार सापडतो. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच शब्दाला देव म्हणतो. शेवटाकडे थोमा पुनरुत्थित येशूला आपला देव म्हणून हाक मारतो. उलट त्याच योहानात येशू पित्याला स्वतःहून थोर म्हणतो. मार्कात तर आपल्याला उत्तम म्हणणाऱ्याला अडवून तो सांगतो की, उत्तम असा एक देवच. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू म्हणाला, पुत्र हा पित्याने निर्मिलेला, म्हणून दुय्यम. बादशहा कॉन्स्टंटाईनने ३२५ साली निकाया येथे धर्मगुरूंची सभा भरवली, आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरले. तरी भांडण मिटले नाही. ‘एकतत्त्व’ की ‘समतत्त्व’ यावर पुढे वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत फरक अवघ्या एका अक्षराचा!

आणखी एक गंमत आहे. योहानाच्या त्या पहिल्या वाक्यात ‘देव’ हा शब्द दोनदा येतो. एकदा त्यामागे ग्रीक निश्चयवाचक उपपद आहे, एकदा नाही. त्या उपपदावर पंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. आपल्या मराठीत असले उपपदच नाही. त्यामुळे भाषांतर वाचणाऱ्या मराठी माणसाला त्या वादाची चाहूलसुद्धा लागत नाही. रमाबाईंना ती लागली असणार, कारण केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून अख्खे बायबल मराठीत आणले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी या कामी घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तोवर त्यांची श्रद्धाही पालटली होती. ज्या तारकाबद्दल तरुणपणी शंका घेतल्या, त्यालाच त्यांनी सर्वस्व वाहिले होते. पण त्या तिथे पोचल्या आपल्या पायांनी, कोणी ओढले म्हणून नव्हे.

टिळकांची वाट निराळी. त्यांनी ग्रीक उपपद मोजले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. विठोबाला माउली म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या कवीला देव माणसांत उतरतो हे नवे नव्हते. पण या वाटेचे मोल घरच्यांनी दिले. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा तत्त्वाचा नव्हे, संसाराचा प्रश्न होता. नवरा जिवंत आणि घर मोडलेले! १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांचे रडणे-हसणे ‘स्मृतिचित्रे’त आहे, ते ज्याने त्याने वाचावे.

असो. येशू देव होता काय, याचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. सांगायचे ते इतकेच की, हा प्रश्न मराठी माणसाने उसना घेतला नाही. एका बाईने तो आश्रयदात्यांच्या तोंडावर विचारला, एका बाईने तो डोळ्यांतल्या पाण्यासकट सोसला. गोंदियावरून गाडीने जाताना समोरचा अनोळखी प्रवासी एखादे पुस्तक पुढे करील, तर घ्यावे. वाचावे. पटले नाही तर तसे सांगावेही.