पडद्यावरील चरित्रे

तुकोबा अखेरीस वैकुंठास जातात हे ज्याला ठाऊक नाही असा मराठी प्रेक्षक १९३६ साली क्वचितच सापडला असता. तरीही त्या वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ वर्षभराहून अधिक काळ तेथे चालला. पुढे काय होणार या उत्सुकतेवर कथापट जगतो, असे सामान्यतः मानले जाते. मग जिचा शेवट लहान मुलालाही पाठ आहे अशी कथा पाहण्यास लोक पुनःपुन्हा का जातात?

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा जे आख्यान लावतात तेही श्रोत्यांना आधीपासून माहीत असते. श्रोता तेथे वार्ता ऐकण्यास येत नाही, भेटीस येतो. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाने आणि लेखक शिवराम वाशीकर यांनी हे मर्म अचूक हेरले. त्यांनी तुकोबांना सिंहासनावर बसविले नाही. देहूच्या एका दरिद्री घरात, म्हशीच्या आणि पोरांच्या गलक्यात आणून उभे केले. चमत्कार चित्रपटात आहेतच. परंतु प्रेक्षक ज्या घरात रमतो ते घर जिजाईचे आहे. आजारी पोराला ओढीत देवळात जाऊन प्रत्यक्ष विठोबावर पायतण उगारणारी गौरी या नटीची जिजाई ही त्या काळच्या भारतीय पडद्यावरील एक विलक्षण खरी स्त्री होय. देवाशी असे भांडण ज्या घरात चालते ते घर खोटे कसे असेल, असे प्रेक्षकाला वाटते. आणि मग पुढचे पुष्पक विमानही तो खरे मानून घेतो. १९३७ च्या व्हेनिस येथील महोत्सवात ज्यांनी या चित्रपटाचा गौरव केला त्यांना ना मराठी येत होते, ना वारी ठाऊक होती. त्यांनाही हे घर कळले असावे.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावे लागते. महिपतीने सांगितलेल्या चरित्रात तुकोबांचा छळ मंबाजी करतो. चित्रपटात ते खलत्व सालोमालोच्या वाट्यास आले. चित्रपटातील एक पद शांताराम आठवले यांनी अभंगाच्या वळणावर इतके बेमालूम रचले, की ते तुकोबांचेच समजून लोक गाथेत शोधू लागले. तुकोबांचे समकालीन, विश्वसनीय असे चित्र उपलब्ध नसल्याने विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा हाच कित्येक घरांत तुकोबांचा चेहरा होऊन बसला. एका नटाने संताची मुद्रा कायमची व्यापावी, हे त्या नटाचे यश खरेच; पण त्यामुळे ज्याची त्याने कल्पना करावी अशी जी मोकळी जागा होती ती बुजली, याची खंत मला वाटते.

दहा वर्षांनी, १९४६ साली, व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. येथे परिस्थिती नेमकी उलट होती. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. चौघे परतले, हे परतले नाहीत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यातून चित्रपट उभा राहिला. कोटणिसांचे चरित्र प्रेक्षकाला पाठ नव्हते. ते येथे प्रथमच सांगितले जात होते. मग ओढ कसली? ‘हे घडले आहे’ या एका आश्वासनाची. आपल्यासारख्याच एका मध्यमवर्गीय घरातला मुलगा हे करू शकला, ही साक्ष कल्पित नायकाला देता येत नाही.

साक्ष म्हटली की तपशिलाची जबाबदारी आली. चित्रपटात प्लेगच्या साथीचा मोठा प्रसंग आहे. वास्तवात डॉक्टरांचा अंत अपस्माराच्या झटक्यांनी झाला. नायकाची भूमिका पंचेचाळिशीच्या घरातील शांतारामांनी स्वतःच केली, ते मी सोडून देतो. परंतु त्यांची पत्नी ग्वो छिंगलान आणि अवघ्या काही महिन्यांचा असताना पोरका झालेला मुलगा तेव्हा हयात होते. तुकोबांवर तीन शतकांच्या भक्तीचे लेप चढलेले होते. त्यात आणखी एक चढला तर बिघडत नाही. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या मरणाची कथा मात्र त्याच्या माणसांची असते.

१९५४ च्या ‘महात्मा फुले’त आचार्य अत्रे यांनी निराळीच वाट धरली. त्यात प्रत्यक्ष गाडगेमहाराज कीर्तन करताना दिसतात. जोतीरावांचा काळ बाबूराव पेंढारकर अभिनयाने उभा करीत असताना, त्यांच्याच वाटेने चाललेला एक जिवंत माणूस पडद्यावर आला. महाराज १९५६ मध्ये निवर्तले. आज तो भाग पाहणाऱ्याला नाट्य आणि दस्तऐवज एकाच रिळात मिळतात.

आणि आता एक विपरीत उदाहरण. प्रभातच्या १९४१ च्या ‘संत सखू’त सखूची भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर यांनी ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन केले आणि १९७१ साली त्या वारल्या. त्या आत्मकथनाच्या आधारे श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटील यांनी रंगविलेल्या नायिकेचे नाव त्यात उषा आहे. इतरांचीही नावे पालटलेली. पण नवऱ्याने कमाईवर घातलेला हात, मनाविरुद्धचा संसार, एका आश्रयातून दुसऱ्या आश्रयाकडे चाललेली फरफट यांवर येथे कोणताही लेप नाही. संतपटात नाव खरे ठेवून आयुष्य सजविले जाई. येथे नाव झाकले, म्हणून आयुष्य उघडे ठेवता आले. ज्या नटीला एके काळी हात जोडणारे प्रेक्षक लाभले, तिचे खरे आयुष्य पाहण्यास पुढची पिढी तिकीट काढून बसली, आणि ते पाहण्यास ती स्वतः हयात नव्हती.