वाड्यांचे वाढदिवस

पुण्यात माणसांचे वाढदिवस चौकाचौकात फ्लेक्स लावून साजरे होतात, त्यात नवीन काही नाही. पण आपल्या गावात एका घराचाही वाढदिवस साजरा होतो. दर 22 जानेवारीला. पत्ता सगळ्यांना माहीत आहे: शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी केली आणि 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत. दोन वर्षांत पझेशन! आजच्या बिल्डरांनी यातून काही शिकण्यासारखं आहे :)

दोन्ही दिवस शनिवार होते, असं आपण शाळेपासून ऐकतो. आता याला खोड म्हणा, पण तारीख दिसली की तपासून बघायचीच, अशी आमच्या धंद्यात सवय लागते. दोन ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली, तर 10 जानेवारी 1730 ला चक्क मंगळवार आला. 22 जानेवारी 1732 लाही मंगळवारच. म्हणजे मंगळवारवाडा? तर तसं नाही. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं ते सप्टेंबर 1752 मध्ये. तोपर्यंत त्यांची तारीख 11 दिवस मागे चालायची, आणि पेशवाईतल्या तिथ्यांच्या इंग्रजी तारखा काढताना 1752 च्या आधीसाठी तीच जुनी कालगणना वापरायचा प्रघात पडला. 11 दिवस मिळवले की आजच्या कॅलेंडरप्रमाणे 21 जानेवारी 1730 आणि 2 फेब्रुवारी 1732 येतात. दोन्ही शनिवार. तेव्हा वाड्याचं नाव बरोबर आहे, आपण वाढदिवस जरा लवकर करतो इतकंच.

पण खरी गंमत पुढेच आहे. ज्या घराचा वाढदिवस आपण करतो, ते घर तिथे नाहीच. 1817 च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढे त्यांनी तिथे तुरुंग केला, दवाखाना केला, आणि 1828 च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत राहता वाडा जळून गेला. उरला तो तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, वरचा नगारखाना आणि आत जोती नि कारंज्यांचे हौद. बाहेरगावचा पाहुणा तिकीट काढून आत जातो, हिरवळीवरून चक्कर मारतो आणि बाहेर येऊन विचारतो, "वाडा कुठे आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. शेजारचा लाल महाल दाखवावा, तर तोही महापालिकेने 1980 च्या दशकात नव्याने बांधलेला. शिवाजीमहाराजांचं बालपण गेलं तो मूळ महाल केव्हाच गेला.

मग वाडा बघायचा कुठे? पेठांमध्ये. आणि त्यासाठी हेरिटेज वॉक ही चीज फार छान आहे. 'जनवाणी' संस्थेने महापालिकेबरोबर सुरू केला तो, 'इंटॅक'च्या पुणे शाखेचे, आणि त्यानंतर हौशी मंडळींनी सुरू केलेले कितीतरी. रविवारी सकाळी शूज घालून पंधरा-वीस जण कसब्यातून बुधवारात, तिथून शनिवारात हिंडतात. बोळ, दिंडी दरवाजा, चौक, गणेशपट्टी, फोटो, शेवटी मिसळ. त्यातले निम्मे माझ्यासारखे हिंजवडी किंवा खराडीत नोकरी करणारे असतात, ज्यांचा पेठेशी संबंध लक्ष्मी रोडच्या खरेदीपुरता. त्यांना आपलं शहर पायी कळतं, हे काही कमी नाही.

तसं बघायला गेलं तर घर लोकांसाठी उघडणं ही पुण्यात नवी कल्पना नाहीच. सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात वाड्यांमधूनच झाली. 1892 साली भाऊसाहेब रंगारींचा गणपती बसला तो त्यांच्या बुधवारातल्या वाड्याच्या आधाराने. टिळक तेव्हा विंचूरकर वाड्यात राहायचे, तिथे 1894 साली गणपती बसला. 1905 मध्ये टिळकांनी सयाजीराव गायकवाडांकडून गायकवाड वाडा घेतला, तो आजचा केसरीवाडा, आणि उत्सवही तिकडे गेला. खाजगी घराचा चौक दहा दिवस गावाचा व्हायचा. व्याख्यानं, मेळे, कीर्तनं सगळं तिथे. म्हणजे 'कम्युनिटी इव्हेंट' हा शब्द यायच्या शंभर वर्षं आधी आपण तेच करत होतो.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण वॉकमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथे आत्ताआत्तापर्यंत अमुक वाडा होता." बोट दाखवलेलं असतं पार्किंगवर चार मजले असलेल्या इमारतीकडे, आणि इमारतीला नाव त्याच वाड्याचं. हे का झालं, ते थोडं समजून घेऊ.

पहिलं कारण बांधणीतच आहे. पुणेरी वाडा मोजतात खणात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, आणि मधल्या भिंती विटांच्या नि मातीच्या. भार सांगाडा घेतो, भिंत नुसती भरलेली. (आजच्या आरसीसी फ्रेमचं तत्त्व वेगळं काय आहे?) उन्हाळ्यात गार, भूकंपाला लवचिक, पण अट एकच: पाणी आत येता कामा नये. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची, भिंती सारवायच्या-लिंपायच्या. एक-दोन वर्षं हयगय झाली की पाणी मुरतं, मग वासा कुजतो, मग भिंत फुगते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले वाडे का विरघळले, याचं उत्तर या भिंतींच्या मातीत आहे.

दुसरं कारण कागदावरचं. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली गेली. फाळणी, टंचाई, शहरांकडे लोंढे, अशा काळात भाडेकरूला रस्त्यावर यायची वेळ येऊ नये म्हणून केलेला कायदा, हेतू चांगलाच होता. पण तो तात्पुरता न राहता अर्धशतक चालला. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, त्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. पण 4 टक्के कशाचे, तर त्याच गोठलेल्या आकड्याचे. माझा मामा शनिवारात दोन खोल्यांत भाड्याने राहायचा, भाडं महिना 18 रुपये. त्याच वाड्यात मागच्या बाजूला मालक राहायचे आणि त्यांची खोली मामाच्या खोलीपेक्षा जास्त गळायची. मामा भाडं वेळेवर द्यायचा, मालक पावती द्यायचे, दोघांत भांडण कधीच नव्हतं. फक्त कौलं चाळायचा खर्च 18 रुपयांत बसत नव्हता. अशा वाड्यात वारसदार दहा, भाडेकरू पंधरा आणि दुरुस्तीला पैसे शून्य. एक दिवस बिल्डर येतो, सगळ्यांना सेल्फ-कंटेन्ड फ्लॅट देतो. मामी कॉमन संडासातून सुटली याचा तिला झालेला आनंद मी पाहिलाय. तिला 'वारसा' या विषयावर लेक्चर द्यायची माझी हिंमत नाही.

मग काही वाडे वाचले कसे? विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे 2 लाख रुपये खर्चून बांधलेला. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, कोरीव सज्जा, रस्त्यावरून जाताना मान आपोआप वर जाते. पेशवाई गेल्यावर 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1879 मध्ये बुधवारवाडा जळाला त्याच आगीच्या प्रकरणात याचाही दर्शनी भाग जळाला, तो पुन्हा उभा केला. पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या, पोस्ट आलं. याला कुणी 'स्मारक' म्हणून पूजलं नाही. गावाने त्याला कामाला लावलं. केसरीवाड्यात छापखाना आणि उत्सव. शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंनी वाडा भरला आणि 1962 मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला; कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आज तिथेच उभे आहेत. माझ्या भाषेत सांगायचं तर जी सिस्टिम रोज वापरात असते तिचे बग सापडतात आणि दुरुस्त होतात. जी नुसती आर्काइव्ह केली, ती एक दिवस उघडतच नाही.

उलट बाजूला भिडेवाडा आहे. 1848 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती बुधवार पेठेतल्या या वाड्यात. दगडूशेठच्या गर्दीत आपण त्याच्यासमोरून हजारदा गेलेले असतो. दर 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, लोक तिथे जमायचे, हार घालायचे, भाषणं व्हायची. उरलेले 364 दिवस वाडा पडत होता. खाली दुकानं, वर ढासळता मजला आणि कोर्टात वर्षानुवर्षं खटला. 2023 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात निकाल लागला, जागा महापालिकेकडे आली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, 4 तारखेच्या रात्री, मोडकळीला आलेली इमारत पाडली. तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलेलं आहे. स्मारक हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या खोलीत त्या मुली बसल्या ती खोली आता नाही. दरवर्षी जमणाऱ्या लोकांच्या श्रद्धेत खोट नव्हती, श्रद्धेला कौलं चाळता येत नाहीत एवढंच.

बाहेर काय करतात? फ्रान्समध्ये 1984 साली सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी एक दिवस ऐतिहासिक वास्तूंची दारं लोकांना उघडी करायची टूम काढली. ती युरोपभर पसरली, दर सप्टेंबरात होते. लंडनने 1992 मध्ये 'ओपन हाऊस' सुरू केलं, त्यात लोक आपली राहती घरंसुद्धा दाखवतात. पण फ्रान्समधली खरी मेख वेगळीच आहे: संरक्षित घराचा मालक ठराविक दिवस घर लोकांना उघडं ठेवत असेल तर दुरुस्तीच्या खर्चावर त्याला करात घसघशीत सवलत मिळते. म्हणजे उत्सव आणि कौलं यांचा हिशेब एकाच वहीत मांडलाय. दार उघडणं ही मेहेरबानी राहत नाही, त्यात मालकाचाही फायदा असतो.

2025 च्या जुलैत आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा पुण्यात पेढे वाटले गेले, आणि वाटायलाच हवेत. पण किल्ल्याला मालक सरकार आहे, त्याला वारसदारांची सही लागत नाही. वाडा हे कुणाचंतरी घर आहे. त्यात भाडेकरू आहे, गळणारं छप्पर आहे, म्हातारी आत्या आहे. त्यामुळे त्याचा प्रश्न तुताऱ्या वाजवून सुटणार नाही.

मला वाटतं, आपल्या वॉकना एक पायरी पुढे जाता येईल. ज्या वाड्यात आजही लोक राहतात तिथे मालकांना विचारून आत जावं, तिकिटातला वाटा त्या वाड्याच्या कौलांना द्यावा आणि तसं सांगून द्यावा. पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीला हात लावायला तरुण मंडळी बोलवावीत. ट्रेकला दगड उचलणारे आपण, कौलं उचलू की. आणि माहिती सांगताना सरदार-पेशव्यांबरोबर भाडेकरूंच्याही गोष्टी सांगाव्यात, कारण शंभर वर्षं त्या वाड्यांत खरं राहिले ते तेच. यात कुठला मोठा निधी लागत नाही, आणि वारसदारांना निदान एवढं कळतं की आपल्या घरात बिल्डरशिवाय आणखी कुणाला रस आहे.

बाकी, पुढच्या 22 जानेवारीला शनिवारवाड्यावर जरूर जा. फक्त जाताना वाटेतल्या बोळात एखादा नांदता वाडा दिसला तर दारावर थाप मारून विचारा, "काका, आत येऊन बघू का?" पुणेरी उत्तर मिळायची तयारी ठेवा. पण दहातले दोन काका दार उघडतात, आणि चहाही देतात.