पाणी तेलाखालून येतं

कॉलेजात एनसीसीला असताना वर्षातून एकदा थ्री-नॉट-थ्री रायफल चालवायला मिळायची. एका मे महिन्यात फायरिंगहून परतलो तेव्हा खांदा ठणकत होता आणि घरी जायची घाई होती. पुलथ्रूच्या दोरीत चिंधी अडकवून नळीतून दोनदा ओढली, दस्त्यातल्या पितळी बाटलीतलं तेल सढळ हाताने घातलं आणि रायफल कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा केली. तिसऱ्या दिवशी आमच्या प्रशिक्षक उस्तादांनी बोलावलं. रायफल उजेडाकडे धरून म्हणाले, बघ. नळीच्या आत चक्राकार खाचा असतात, त्यांच्या कडेने एक तपकिरी रेघ उठली होती. वरून तेल चकाकत होतं आणि गंज त्याच्या खाली होता. "तेल डाला, पानी नहीं डाला," एवढंच ते बोलले.

लोखंड वाचवायला पाणी? मग त्यांनी किटलीभर पाणी उकळलं आणि नरसाळ्याने नळीत ओतलं. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली आणि आतून आपोआप कोरडी झाली. मग कोरडी चिंधी, आणि सगळ्यात शेवटी तेलाची. कारण मला पुढे कळलं. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचाच सख्खा भाऊ. ते नळीला चिकटून बसतं आणि हवेतला ओलावा ओढतं. तेलात मीठ विरघळत नाही. त्यामुळे वरून कितीही तेल घाला, खाली मिठाचं काम चालूच राहतं.

वांद्र्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको होतं. समुद्राकडच्या खिडकीच्या बिजागऱ्या किती पावसाळे टिकतात ते आम्ही जन्मापासून बघतो. आमच्याकडे सुयासुद्धा टाल्कम पावडरच्या डबीत खोचून ठेवत. लँड्स एंडच्या टोकाला पोर्तुगीजांनी 1640 साली किल्ला बांधला, 1739 पर्यंत वांद्र्यासकट सारी साष्टी मराठ्यांकडे आली, पुढे इंग्रजांकडे गेली. त्या टोकावर ज्यांनी ज्यांनी तलवार नाहीतर बंदूक बाळगली, त्या सगळ्यांना हाच खारा वारा सोसावा लागला.

आपल्याकडे हत्यारांची निगा राखणाऱ्याला शिकलगार म्हणत. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून झळाळी देणारा. त्याला फारसी 'गर' लागला आणि मराठी जिभेवर त्याचा शिकलगार झाला. सांगली-साताऱ्याकडे आज ते आडनाव म्हणून भेटतं. शिलेखाना या शब्दातलं 'शिले'ही अरबीच, 'सिलाह' म्हणजे हत्यार यावरून आलेलं. शिकलगार शब्दाचं मूळ बघा: ते तेलाशी नाही, घासण्याशी आहे. आधी गंज आणि मळ पार काढायचा, तेलाचा हात नंतर. खंडेनवमीची वेळही मला फार नेमकी वाटते. आश्विन शुद्ध नवमी, चार महिन्यांचा पाऊस नुकता सरलेला, दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. मोहिमेआधी प्रत्येक पातं म्यानाबाहेर काढून बघितलं जाईल, याची सोय सणानेच केलेली आहे.

तेल मात्र तेव्हा बियांचं नाहीतर प्राण्यांच्या चरबीचं, आणि त्यात एक खोट आहे. ते खवट होतं. खवट होणं म्हणजे त्यात आम्ल सुटणं, आणि आम्ल लोखंडाला खातं. शिवाय जुनं तेल चिकट होऊन बंदुकीचा घोडा जड करतं. ही खोट खनिज तेलाने भरून काढली आणि त्या तेलाचं एक नामांकित घराणं आपल्या शेजारचं, ब्रह्मदेशातलं. इरावतीकाठच्या येनानजाँग गावी माणसं हाताने विहिरी खणून तेल काढत आणि त्या विहिरींवर 24 घराण्यांचा वंशपरंपरेने हक्क होता. ते तेल रंगून बंदरातून बाहेर जाई म्हणून 'रंगून ऑइल'. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या बंदुका पुसायला हेच नाव चालायचं. तेलाचा जाड भाऊ म्हणजे व्हॅसलिन, रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेलं. थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या कॉर्डाइट दारूतसुद्धा 5 टक्के खनिज जेली असे. नळीला आतून वंगण मिळावं म्हणून ती घातली होती.

पण वंगण आणि गंजरोधक ही दोन वेगळी कामं आहेत. वंगण म्हणजे मुळात बैलगाडीच्या आसाला घालायचं ते, घर्षण कमी करणारं. गंज थांबवायला पाणी अडवावं लागतं आणि साधं खनिज तेल तिथे कमी पडतं. पाण्याला लोखंडाची ओढ तेलापेक्षा जास्त असते. तेल लावलेल्या पत्र्यावर पाण्याचा थेंब आधी मण्यासारखा बसतो. थोड्या वेळाने त्याची कड पसरते, तेल बाजूला सरतं आणि थेंब धातूला जाऊन टेकतो. भिंगातून हे स्पष्ट दिसतं.

विसाव्या शतकातली सगळी खटपट ही ओढ उलटवण्याची. जर्मनीत हेल्मुट क्लेव्हर यांनी 1904 च्या सुमारास 'बॅलिस्टॉल' नावाचं तेल केलं. ते किंचित अल्कधर्मी आहे आणि पाण्यात दुधासारखं मिसळतं, त्यामुळे दारूची आम्लयुक्त राख आणि ओल दोन्ही सावरतं. 1953 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचं पत्र्याचं अंग गंजू नये म्हणून पाणी हटवणारा द्राव शोधला. चाळिसाव्या प्रयत्नाला जमला, म्हणून 'डब्ल्यूडी-40'. त्याच्याच जोडीला तेलात घालायची गंजरोधक द्रव्यं आली, सल्फोनेटं आणि लोकरीतून निघणारं लॅनोलिन. त्यांच्या रेणूचं एक टोक धातूला धरतं आणि शेपूट तेलात राहतं. लाखो शेपटांची ती दाट गर्दी पाण्याला वाट देत नाही.

मग तुलना कशी करायची? 1914 मध्ये कॅप नावाच्या अमेरिकन अभियंत्याने खाऱ्या फवाऱ्याची चाचणी सुचवली आणि 1939 मध्ये तिचं बी-117 हे प्रमाण ठरलं. बंद पेटीत 35 अंश उष्णता, 5 टक्के मिठाच्या पाण्याचं अखंड धुकं आणि कोणता तुकडा किती तास टिकतो त्याची नोंद. समुद्रात मीठ साधारण साडेतीन टक्के. चाचणी उपयोगाची आहे, पण तिथल्या तासांवरून घरातले महिने मोजू नयेत. पेटीत तुकडा सदैव ओला असतो. आपल्याकडे रात्री ओल, दुपारी उघडीप, पुन्हा ओल. प्रत्येक वाळण्यात मीठ दाट होतं आणि मार वेगळाच बसतो.

म्हणून एका जूनमध्ये मी गॅलरीत माझी चाचणी मांडली. एकाच पत्र्याचे तुकडे कापले, पॉलिश पेपरने घासले, साबणाने धुऊन वाळवले आणि एकेकाला वेगळा लेप दिला. शिलाई मशीनचं तेल सगळ्यात आधी हरलं. पातळ असल्याने ते खालच्या कडेला उतरलं आणि वरची बाजू उघडी पडली. डब्ल्यूडी-40 ने ओला तुकडा क्षणात कोरडा केला, पण मागे उरलेला पापुद्रा फार पातळ. व्हॅसलिन टिकलं, पण त्यात धूळ आणि चिलटं रुतली. चालत्या हत्याराला ते नको, पेटीत ठेवायच्या हत्याराला चालेल. लॅनोलिनचा तुकडा गणपतीपर्यंत राखाडीच राहिला. त्यावर एका कोपऱ्यात मात्र अंगठ्याच्या ठशाएवढा गंज होता, ठशाच्या रेघांसकट. लेप द्यायच्या आधी मी तिथे घामेजल्या बोटाने धरलं होतं.

तो तुकडा मी आईला दाखवला. ती विळी धूत होती. तिने पातं आधी गोड्या पाण्याने खळखळून धुतलं, फडक्याने पुसलं, गॅसच्या आचेवरून दोनदा फिरवलं आणि मग बोटभर खोबरेल घेतलं. पाऊस असला की ती हे रोज करते. "खोबरेल खवट होतं," मी म्हटलं. "म्हणून तर रोज," ती म्हणाली, आणि विळी मिटून फळीवर ठेवली.